विकिपीडियावरचं चरित्र: चुका, दुरुस्त्या आणि दलाल

विकिपीडियावरच्या हयात व्यक्तींच्या चरित्रांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांत दोनच गाऱ्हाणी होती: ‘आमच्या माणसाबद्दल चुकीचं लिहिलंय, काढायचं कसं?’ आणि ‘पैसे भरले की पान करून मिळतं म्हणतात, खरं का?’ त्यांतली सात पत्रं इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, वस्ती तेवढी ठेवली आहे. उत्तरांतले नियम मुख्यतः इंग्रजी विकिपीडियाचे आहेत. मराठीत वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न: माझी मावशी गेली चाळीस वर्षं रंगभूमीवर काम करते. इंग्रजी विकिपीडियावर तिचं जन्मसाल चार वर्षं आधीचं दिलंय, आणि जिच्याशी तिचं कधी लग्नच झालं नाही अशा एका नटाचं नाव ‘पती’ म्हणून घातलंय. मी तीनदा दुरुस्त केलं, तिन्ही वेळा कुणीतरी उलटवलं. आता माझ्या खात्यावर ‘एडिट वॉर’ची ताकीद आली आहे. — गिरगाव

आधी हात थांबवा. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली तर खातं रोखलं जातं, आणि मग खरं सांगायलाही तोंड उरत नाही. उलटवणाऱ्याच्या जागी बसून पाहा: कालपरवा उघडलेलं खातं, बदलाचं कारण लिहायची सारांशाची चौकट रिकामी, आणि संदर्भ जोडलेला आकडा बदलून त्या जागी बिनसंदर्भाचा आकडा. खोडसाळपणा करणारेही नेमकं असंच करतात. तुम्ही भाचा आहात हे त्याला कळणार कसं? आणि कळलं तरी ‘घरचा माणूस सांगतो’ हा तिथे पुरावा नाही.

तुमच्या दोन चुका दोन जातींच्या आहेत, म्हणून त्यांचे मार्गही वेगळे.

‘पती’चं आधी घ्या. हयात व्यक्तीबद्दलचा वादग्रस्त मजकूर बिनसंदर्भाचा असेल किंवा त्याचा संदर्भ फुसका असेल, तर तो चर्चेची वाट न पाहता ताबडतोब काढायचा, असा विकिपीडियाचा नियम आहे. तो आला २००५च्या एका प्रकरणातून. जॉन सीगेन्थेलर या अमेरिकी पत्रकाराच्या पानावर, केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असं धादांत खोटं कुणीतरी लिहिलं आणि ते चार महिने तसंच राहिलं. त्याच वर्षाअखेरीस हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळं धोरण झालं. त्यामुळे पतीच्या नावाला काय संदर्भ दिलाय ते पाहा. काहीच नसेल, किंवा सिनेगप्पांची एखादी साइट असेल, तर ‘हयात व्यक्तीबद्दल बिनसंदर्भ दावा’ एवढं कारण नोंदवा. वाक्य बहुधा त्याच दिवशी जाईल.

जन्मसालाला मेहनत आहे. पानाच्या ‘व्ह्यू हिस्टरी’ टॅबवर जा. वरच्या बाजूला कोणता मजकूर केव्हा घातला गेला ते शोधून देणाऱ्या साधनाचा दुवा असतो. त्यात ते चुकीचं साल टाका. ते पानावर कोणत्या तारखेला आलं ते कळलं की संदर्भ म्हणून लावलेल्या बातमीची तारीख तपासा. बातमी नंतरची निघाली तर गोम तिथेच आहे: वाढदिवसाची बातमी करणाऱ्या वार्ताहराने साल विकिपीडियावरूनच उचललं आणि पुढे तीच बातमी विकिपीडियाला पुरावा म्हणून चिकटवली गेली. मराठी कलावंतांच्या पानांवर असं चक्र फार दिसतं, कारण जुनी वृत्तपत्रं जालावर नाहीत आणि नवी मंडळी आधी गुगल करतात. दोन्ही तारखा शेजारी मांडून दाखवल्या की संपादकाला वेगळं समजवावं लागत नाही.

मग बरोबर सालाचा पुरावा. जन्मदाखला, आधार, पासपोर्ट यांतलं काहीही जालावर चढवू नका. खाजगी कागद उघडे पडतात आणि विकिपीडियाला ते चालतही नाहीत, कारण दाखल्यातली व्यक्ती आणि पानावरची व्यक्ती एकच हे ठरवणं संपादकाचं काम नाही. छापील मुलाखत चालते. ती जालावर नसली तरी चालते. नियतकालिकाचं नाव, तारीख, पान क्रमांक आणि लेखक एवढं द्या. दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, तिथे जुनी मासिकं आणि दिवाळी अंक चाळता येतात. मावशींनी स्वतःच्या अधिकृत खात्यावर जन्मतारीख जाहीर केली असेल तर तीही स्वतःविषयीची साधी माहिती म्हणून ग्राह्य धरतात. मात्र आधीचे छापील संदर्भ वेगळं सांगत असले तर दोन्ही सालं नोंदवली जाण्याची शक्यता असते. पूर्ण जन्मतारीख नको, नुसतं साल ठेवा, अशी विनंती व्यक्तीला करता येते आणि ती सहसा मानतात.

हे सगळं लेखात नाही, लेखाच्या चर्चा पानावर लिहायचं. नवा विभाग उघडून ‘एडिट सीओआय’ हा साचा (हितसंबंध असलेल्यांनी दुरुस्ती मागण्यासाठीची तयार खूण) लावा, म्हणजे विनंती रांगेत दिसते. पहिल्याच ओळीत नातं सांगा. मग कोणत्या विभागातलं कितवं वाक्य, आत्ता काय आहे, त्याऐवजी काय हवं आणि संदर्भ कोणता, या क्रमाने. ‘पान चुकांनी भरलंय, कृपया दुरुस्त करावं’ अशी विनंती महिनोन्महिने पडून राहते. एका वाक्याची नेमकी विनंती पाच मिनिटांत उरकता येते म्हणून आधी उचलली जाते. तरी रांग लांब असते, जन्मसालासारख्या दुरुस्तीला काही आठवडे धरूनच चाला. बदनामीकारक मजकुराला मात्र एवढं थांबायची गरज नाही. हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी स्वतंत्र सूचनाफलक आहे, तिथे लिहा. घरचा पत्ता, फोन नंबर असं काही पानावर आलं असेल तर उघड चर्चा न करता ‘कॉन्टॅक्ट अस’मधल्या ईमेलवर कळवा. असा मजकूर पानाच्या जुन्या आवृत्त्यांतूनही झाकता येतो.

मराठी विकिपीडियावर पान असेल तर तिथे ही सगळी खटपट पुन्हा करावी लागेल. एका भाषेतली दुरुस्ती दुसरीत आपोआप जात नाही. मराठीत स्वयंसेवक थोडे आहेत, त्यामुळे चर्चा पानावर लिहून गप्प बसू नका. चावडीवर (तिथलं सर्वांसाठीचं चर्चेचं पान) किंवा एखाद्या प्रचालकाच्या (ॲडमिनच्या) चर्चा पानावर दुवा टाका.

प्रश्न: मी अंधेरीतल्या एका जनसंपर्क कंपनीत नवीन आहे. तीन क्लायंटची पानं ‘साफ’ करायला सांगितलंय. ऑफिसचं नेट वापरू नकोस, घरून कर, म्हणजे कळणार नाही, असं वरिष्ठ म्हणतात. हे बेकायदा आहे का? — अंधेरी

पैसे घेऊन संपादन करायला विकिपीडियाची बंदी नाही. लपवून करायला आहे. जून २०१४पासून, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापर-अटींतच लिहिलंय की मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तीन गोष्टी उघड करायच्या: पगार कोण देतं, काम कोणाच्या वतीने आहे, आणि आणखी कोणाशी संबंध आहे. हे सदस्य पानावर, चर्चा पानावर किंवा संपादनाच्या सारांशात सांगायचं. मोबदला म्हणजे नुसती रोकड नव्हे, वस्तू आणि सेवाही त्यात आल्या. इंटर्नलाही कर्मचारीच धरतात, त्यामुळे ‘मी तर शिकाऊ’ म्हणून सुटका नाही.

खातं स्वतःच्या एकट्याच्या वापराचं हवं. कंपनीचं नाव हेच सदस्यनाव ठेवलं तर ते रोखलं जातं. व्यक्ती कळेल असं नाव, सोबत कंपनीचा उल्लेख, हे चालतं. चौघांनी मिळून एक खातं वापरणंही निषिद्ध आहे.

घरच्या वाय-फायचं म्हणाल तर तुमच्या वरिष्ठांना पकड कशी बसते हे माहीत नाही. खात्यांची तांत्रिक माहिती ९० दिवस राहते आणि मोजक्या विश्वासू सदस्यांना ती संशयापुरती तपासता येते, हे झालंच. पण बहुतेक जण सापडतात ते वागण्यावरून. एकाच खात्याने एक बिल्डर, एक त्वचारोगतज्ज्ञ आणि एक वेबसिरीजचा नट, अशी एकमेकांशी काही संबंध नसलेली तीन पानं तासाभरात हाताळायची, तिन्हींत तेच ‘ख्यातनाम’ आणि तेच ‘दूरदृष्टी लाभलेले’, तिन्हींत ‘वाद’ हा विभाग गायब! २०१३च्या ऑक्टोबरमध्ये विकी-पीआर या अमेरिकी कंपनीशी जोडलेली अडीचशेहून जास्त खाती अशाच तपासातून रोखली गेली आणि पुढच्याच महिन्यात फाउंडेशनने तिला कायदेशीर नोटीस धाडली. क्लायंटचं नुकसान वेगळंच: ‘या पानात पैसे घेऊन लिहिणाऱ्यांचा हात आहे’ अशी पाटी लेखाच्या माथ्यावर लागते आणि ती महिनोन्महिने हलत नाही.

संबंध जाहीर केल्यावर तुम्हाला थेट करता येतं ते असं: उघड खोडसाळपणा काढणं, हयात व्यक्तीबद्दलची बिनसंदर्भ बदनामी काढणं, शुद्धलेखन, तुटलेले दुवे. बाकी सगळं चर्चा पानावर विनंती म्हणून. चांगल्या संदर्भाची टीका ‘साफ’ करता येत नाही, कोणालाच. तिच्यात तपशिलाची चूक असेल, किंवा कंपनीचा खुलासा बातमीत छापून आलेला असूनही पानावर नसेल, तर ते मागता येतं. क्लायंटसोबतच्या करारात ‘अमुक मजकूर काढून देऊ’ असं कलम असेल तर ते आजच बदलून घ्या. तुमच्या कंपनीच्या हातात नसलेली गोष्ट तुम्ही विकताय.

प्रश्न: मी शल्यचिकित्सक आहे. स्वतःबद्दलचा मसुदा मी पाठवला, तो नाकारला गेला. आठवड्यातच एकाचा व्हॉट्सॲप आला: ‘मी विकिपीडियाचा ॲडमिन, ४० हजारांत पान मंजूर करून देतो, वर महिन्याला दोन हजार देखभाल.’ त्याला माझा मसुदा शब्दशः माहीत आहे, म्हणजे तो आतला असणार ना? — मुलुंड

मसुदे आणि त्यांच्यावरचे नकाराचे शेरे सगळ्या जगाला दिसतात. ते वाचायला आतलं असावं लागत नाही. नाकारलेल्या मसुद्यांची यादी हीच या दलालांची गिऱ्हाइकांची वही आहे. ऑगस्ट २०१५मध्ये ‘ऑरेंजमूडी’ नावाने ओळखलं जाणारं प्रकरण उघड झालं ते नेमकं हेच: नाकारलेल्या मसुद्यांच्या मालकांना गाठायचं, पैसे घेऊन पान चढवायचं, मग ते ‘सांभाळण्यासाठी’ दरमहा वसुली. ३८१ खाती रोखली, २१० लेख काढले. पैसे भरलेल्यांची पानंही त्यांतच गेली.

विकिपीडियाचे प्रचालक स्वयंसेवक आहेत. मंजुरीचे, संरक्षणाचे, देखभालीचे पैसे घ्यायचा अधिकार तिथे कोणालाही नाही.

यांची पद्धत कळली तर फसायला होणार नाही. खातं चार दिवस जुनं झालं आणि त्यावर दहा संपादनं झाली की मसुद्याची रांग टाळून थेट लेख चढवता येतो. दलाल तसं करतो, ‘लाइव्ह’ झाल्याचा स्क्रीनशॉट पाठवतो, उरलेले पैसे घेतो. पण नवा लेख तपासला जाईपर्यंत, किंवा ९० दिवस होईपर्यंत, शोधयंत्रांना दाखवलाच जात नाही. तुम्ही गुगलवर शोधता, सापडत नाही. दलाल म्हणतो, ‘इंडेक्स व्हायला वेळ लागतो.’ तेवढ्यात तपासणाऱ्याच्या नजरेला जाहिरात पडते आणि पान उडतं. मग ‘पुन्हा चढवायचे’ वेगळे पैसे. अशा फेऱ्या झाल्या की तुमच्या नावाचं शीर्षकच कुलूपबंद होऊ शकतं आणि पुढे खरोखर पात्र ठरलात तरी ती अढी आडवी येते.

संदेश जपून ठेवा आणि इंग्रजी विकिपीडियाच्या मसुदा विभागात अशा फसवणुकीबद्दलचं इशारापान आहे, तिथल्या पत्त्यावर पाठवा. पैसे दिले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

आता पानाविषयी. विकिपीडियाला हवी असते तुमच्याबद्दल इतरांनी, तुमच्या मदतीशिवाय, सविस्तर लिहिलेली सामग्री. रुग्णालयाच्या संकेतस्थळावरचा परिचय, तुमची मुलाखत, ‘शहरातले पंचवीस डॉक्टर’ छाप पुरवणी, पुरस्कारासोबत छापलेला फोटो: यांतलं काहीच मोजत नाहीत. उत्तम असे तीन संदर्भ काढून पाहा. निघाले नाहीत तर मसुदा कितीही वेळा नव्याने लिहिला तरी तो अडणारच, कारण अडचण भाषेची नाही. आणि निघाले तर एकदा थांबून विचार करा. पान तुमच्या मालकीचं नसतं. उद्या वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा लागला आणि मोठ्या दैनिकांनी छापला, तर तोही त्याच पानावर येऊन बसेल आणि ‘माझं पान काढा’ म्हणून ते निघेलच असं नाही.

प्रश्न: आमच्या माजी नगरसेवकांचं पान मी मराठीत लिहिलं, ते काढून टाकलं. आमदारांचं आहे, मग यांचं का नाही? — कुर्ला

विधानसभा-विधानपरिषदेच्या आणि संसदेच्या सदस्यांना इंग्रजी विकिपीडिया पदामुळेच उल्लेखनीय, म्हणजे पानाला पात्र, मानतो, नगरसेवकांना नाही. मुंबई महापालिकेत एका वेळी २२७ नगरसेवक निवडून येतात. वॉर्डाच्या बातम्यांपलीकडे सविस्तर लेखन झालेले त्यांत थोडेच. मराठीत निकष लावण्याचा काटेकोरपणा कमीजास्त होतो, पण फ्लेक्सवरची भाषा तिथेही पान बुडवते. ‘कार्यसम्राट’, ‘जनसामान्यांचे आधारस्तंभ’ हे शब्द दिसले की पुढचं कोणी वाचत नाही.

प्रश्न: माझ्या उद्योगावर तीन नामांकित दैनिकांत अर्धा अर्धा पान लेख आलेत, तरी ‘विश्वासार्ह संदर्भ नाहीत’ म्हणून मसुदा परत आला. वृत्तपत्रं विश्वासार्ह नाहीत, तर काय आहे? — बोरिवली

लेखाच्या वरखाली बारीक अक्षरात काय छापलंय ते बघा. ‘ब्रँड पोस्ट’, ‘इम्पॅक्ट फीचर’, ‘पार्टनर्ड कंटेंट’, ‘या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही’ यांपैकी काही असेल तर ती जाहिरात आहे. आपल्याकडे असा इशारा न छापताही पैसे घेऊन बातम्या लागतात. भारतीय प्रेस कौन्सिलने २०१०मध्ये ‘पेड न्यूज’वर अहवाल काढला होता तो उगाच नाही. त्यामुळे भारतीय उद्योजक आणि कलावंतांच्या स्तुतिलेखांकडे विकिपीडियाचे तपासनीस मुळातच संशयाने पाहतात. खुणा ठरलेल्या आहेत: वार्ताहराचं नाव नाही, एकच परिच्छेद दोन दैनिकांत जसाच्या तसा, एकही प्रतिकूल वाक्य नाही, शेवटी संकेतस्थळाचा पत्ता. प्रामाणिक उद्योजकालाही याची झळ बसते हे खरं आहे. नाव असलेल्या पत्रकाराने स्वतः चौकशी करून लिहिलेला एक लेख अशा दहांना भारी पडतो.

प्रश्न: भावावर २०१९मध्ये फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, बातम्या आल्या. २०२३मध्ये तो निर्दोष सुटला. विकिपीडियावर गुन्हा आहे, सुटका नाही. निकालाची प्रत जोडली तर ‘न्यायालयीन कागद चालत नाही’ म्हणतात. अब्रुनुकसानीचा दावा लावावा का? — विलेपार्ले

निकालाची नुसती प्रत चालत नाही हे बरोबर आहे: हयात व्यक्तीबद्दलच्या दाव्याला एकटा न्यायालयीन किंवा सरकारी कागद आधार म्हणून घेत नाहीत. त्यामागचं कारण तुमच्या बाजूचंच आहे. तशी मुभा असती तर कोणीही कोणाची फिर्याद उचलून पानावर चिकटवली असती. सुटकेची बातमी शोधा. मोठ्या दैनिकाच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या असतील तरी पुरे, आणि तिच्या सोबतीने निकालाचा दुवा देता येतो.

बातमी कुठेच आली नसेल (अटक पहिल्या पानावर, सुटका कुठेच नाही, हे नेहमीचंच), तर मागणी बदला. सुटका घाला म्हणू नका, पूर्ण विभागच काढा म्हणा. दोषी ठरेपर्यंत निर्दोष मानायचं, आणि व्यक्ती फारशी प्रसिद्ध नसेल तर नुसत्या आरोपाचा उल्लेख टाळण्याचा गांभीर्याने विचार करायचा, असं धोरणच आहे. भाऊ मंत्री किंवा मोठा नट असेल तर ही मागणी टिकायची नाही; छोटा व्यावसायिक असेल तर बहुधा टिकेल. निकालाची प्रत पुरावा म्हणून नाही, पण संपादकाला परिस्थिती समजावी म्हणून इथे कामाला येते.

दाव्याबद्दल कायदेशीर सल्ला वकिलाकडूनच घ्या. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. पण चर्चा पानावर ‘कोर्टात खेचीन’ लिहू नका. कायदेशीर धमकी देणाऱ्याचं खातं ती मागे घेईपर्यंत रोखलं जातं आणि तुमची रास्त मागणी बाजूला पडते. न्यायालयाची वाट सरळ नाही हेही ध्यानात ठेवा. एएनआय वृत्तसंस्थेने २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात विकिमीडियावर दावा लावला. त्या खटल्याविषयीचं पान उतरवायचा आदेश झाला, पान उतरलं, आणि ९ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

प्रश्न: वडिलांचा पानावरचा फोटो फार वाईट आहे. आमच्याकडे स्टुडिओतला चांगला आहे, तो चढवला तर दोन दिवसांत काढला. फोटो आमचाच असून असं का? — दादर

फोटोत वडील आहेत म्हणून हक्क वडिलांचा होत नाही. फोटो जातो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक साठ्यात, आणि तिथे हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, तीही कोणालाही, धंद्यासाठीसुद्धा वापरता येईल अशा मुक्त परवान्याची. ‘फक्त विकिपीडियासाठी परवानगी’ चालत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे असतो. म्हणून स्टुडिओचं बिल असेल तर शोधा. तरी सोपा मार्ग छायाचित्रकाराकडूनच ईमेल पाठवण्याचा. कॉमन्सवर त्यासाठी तयार मसुदा मिळतो. त्याने स्वतःच्या पत्त्यावरून पाठवायचा, तुम्ही पुढे ढकललेला नको. हे जमत नसेल तर दिवसाउजेडात खिडकीशेजारी बसवून स्वतःच्या मोबाइलवर नवा काढा आणि मूळ फाइल, काटछाट न करता, स्वतःच्या खात्यावरून चढवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत नको. तिच्यातला कॅमेऱ्याचा तपशील पुसलेला असतो आणि जालावरून उचलल्याचा संशय तिथूनच सुरू होतो.